इटलीतला मऊ भात

श्रीपतराव दामले इटलीत अकरा दिवसांत किती वाईन प्यायले, असं कोणी विचारलं असतं तर उल्काला अगदी नेमकं उत्तर देता आलं असतं. एक थेंबसुद्धा नाही. पण विचारणार कोण? परत आल्यापासून तिचा नवरा रत्नागिरीतला वाईनमधला जाणकार होऊन बसला होता, आणि जाणकाराला असले चावट प्रश्न विचारायची आपल्याकडे पद्धत नाही.

येताना त्यांनी लांब दांड्याचे सहा ग्लास आणले होते. वाईन नाही आणली, ग्लास आणले. घरी कोणी आलं की त्यात कोकम सरबत ओतायचं, दांडा धरून ग्लास गोल गोल फिरवायचा, नाक आत घालायचं, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "हं... याला आपल्या कातळाचा वास आहे बघा. तिकडे याला तेरुआर म्हणतात. जमिनीचा गुण." आंब्याचे व्यापारी, बँकेतले साहेब, कोर्टातले वकील, सगळे बिचारे माना डोलवायचे. शेजारच्या गोदूबाईंनी मात्र ऐंशी ओलांडल्यावर कोणाची भीडभाड ठेवायची नाही असं ठरवून टाकलं होतं. त्यांनी एकदा ग्लासाकडे आणि एकदा श्रीपतरावांच्या नाकाकडे पाहिलं नि विचारलं, "अरे श्रीपती, हुंगतोस काय असा? नासलंय की काय?"

उल्का आत जाऊन तोंडावर हात दाबून हसली होती.

आता ही इटलीची भानगड मुळात निघाली कशी ते सांगायला हवं, कारण श्रीपतराव ते कधी नीट सांगत नाहीत. सहल होती उल्काची. ती शाळेतून निवृत्त झाली तेव्हा जर्मनीतल्या मुलाने, अनिशने, फोनवर विचारलं, "आई, तुला काय हवंय?" पस्तीस वर्षांत तिला असं कोणी विचारलं नव्हतं. त्यामुळे ती आधी गडबडली आणि मग खरं काय ते बोलून गेली. दोन-तीन वर्षं झाली, दुपारची भांडी आवरली की ती मोबाईलवर इटलीच्या खेड्यांतल्या म्हाताऱ्या बघत बसायची. त्या म्हाताऱ्या लाकडी फळीवर पीठ मळायच्या, हातभर लांब लाटण्याने लाटायच्या, बोटांनी वळायच्या, मध्येच कोणावर तरी खेकसायच्या. त्यांचं एक अक्षर तिला कळत नव्हतं, तरी सगळं कळायचं. "मला तिकडे जाऊन त्यांच्या हातचं खायचंय," ती म्हणाली. अनिशने पुण्याच्या एका कंपनीची सहल शोधून काढली. सोळा माणसं, सहा खेडी, जिथे जाऊ तिथलं घरगुती जेवण आणि तिथलीच वाईन. आईला एकटीला कसं पाठवायचं म्हणून त्याने दोन जागा घेतल्या. तिथेच घात झाला.

श्रीपतराव आंबा बागायतदार. दोन-अडीचशे कलमं, स्वतःचं घर, गावात मान. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. पण बाहेरच्या अन्नाची त्यांनी अशी काही धास्ती घेतलेली की देवरूखला लग्नाला गेले तरी घरी येऊन मेतकूट-भात खाल्ल्याशिवाय त्यांचा जीव थाऱ्यावर येत नाही. इटलीत खायचं काय, या विचाराने त्यांची महिनाभर आधीच भूक मेली. मग त्यांनी बॅग भरली. सात किलो तांदूळ, मेतकूट, कुळथाचं पीठ, आमसुलं, लिंबाचं लोणचं, पोह्याचे पापड आणि मुद्दाम शोधून आणलेला छोटा विजेचा कुकर. उल्काचे कपडे राहिलेल्या जागेत कोंबले.

"अहो, ती सहलच जेवणाची आहे," उल्का म्हणाली.

"असू दे की. जेवण त्यांचं, पोट आपलं!"

हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं की विमानात त्यांनी ते तीन अनोळखी माणसांना ऐकवलं.

मग व्हायचं तेच झालं. रोज संध्याकाळी मंडळी कुठल्या तरी द्राक्षांच्या मळ्यात नाहीतर कोणाच्या अंगणात लांबलचक टेबलाभोवती बसायची. चीज यायचं, ताजं ऑलिव्ह तेल यायचं, चुलीवरून उतरवलेलं काहीतरी वाफाळतं यायचं. श्रीपतराव दहा मिनिटं काट्याने सगळं ताटाच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेला सरकवायचे, वाईनचा ग्लास फिरवायचे (हे मात्र ते पहिल्याच दिवशी शिकले), हुंगायचे आणि कोणाचं लक्ष नाही असं बघून ती शेजारच्या कुंडीत ओतायचे. मग उल्काला कोपराने ढोसायचे. "अगं, पोटात कसंतरीच होतंय. जरा खोलीवर जाऊन मऊ भात लावतेस का?"

आणि उल्का उठायची. का उठायची? पस्तीस वर्षं उठत आली म्हणून. पाच खेड्यांतल्या पाच खोल्यांमध्ये विजेचा प्लग नक्की कुठे होता ते तिला आजही आठवतं, आणि जेवणात काय काय होतं ते विचाराल तर सांगता यायचं नाही. खालून हसण्याचे, ग्लासला ग्लास लागल्याचे आवाज यायचे आणि ही कुकरच्या वाफेसमोर बसून राहायची. राग यायचा तिला. त्यांचा यायचा, आणि स्वतःचा त्याहून जास्त यायचा.

सहावं खेडं रोक्कामोरा. डोंगराच्या टोकावर तीस-चाळीस दगडी घरं, एक चर्च, एक विहीर. तिथे हॉटेलच नव्हतं, म्हणून मंडळींना घराघरांत वाटून दिलेलं. दामले जोडपं आलं आसुंता नावाच्या पंचाहत्तरीच्या बाईकडे. त्या संध्याकाळी बाकीचे गावाबाहेर वाईनचं तळघर बघायला गेले. श्रीपतराव पाय दुखतात म्हणून मागे राहिले, म्हणजे अर्थातच उल्कासुद्धा. तिने वरच्या खोलीत कुकर लावला. खाली आसुंताचा ओव्हन चालू होता. जुनं घर, बारकासा मीटर, त्याला इटली आणि कोकण एकदम काही झेपलं नाही. फट् आवाज झाला आणि घरभर अंधार.

जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. हातात बॅटरी घेऊन आसुंता दारात उभी. तिने कुकर बघितला, आतला अर्धाकच्चा भात बघितला, पलंगावर मांडी घालून बसलेले श्रीपतराव बघितले आणि मग उल्काकडे बघितलं. पुढे ती जे बोलली ते इटालियन होतं, पण उल्काला शब्द न् शब्द कळला, कारण गोदूबाई अगदी त्याच सुरात बोलतात. आसुंताने एका हातात कुकर उचलला, दुसऱ्या हाताने उल्काचं मनगट धरलं आणि कुकर नि उल्का दोघांना खाली घेऊन गेली. "अगं, भात..." असं श्रीपतराव पलंगावरूनच म्हणाले. कोणी ऐकलं नाही.

दिवे आले. टेबलावर पीठ मळून ठेवलेलं होतं. आसुंता त्याचे गोळे घेऊन तळहाताखाली वळत होती आणि त्याच्या लांबच लांब दोऱ्या पडत होत्या. उल्काने थोडा वेळ पाहिलं. मग तिचे हात शिवशिवायला लागले. तिने चिमूटभर पीठ घेतलं आणि लग्नकार्यात खिरीसाठी करतात तसे गव्हले वळायला लागली, अंगठा नि बोटाच्या मध्ये, तांदळाच्या दाण्याएवढे, लहानपणी आईने शेजारी बसवून शिकवले होते तसे. आसुंता थांबली. चष्मा शोधून लावला. एक गव्हला उचलून दिव्याखाली धरला आणि अशी काही ओरडली की शेजारच्या दोन बायका धावत आल्या. चौघी टेबलाभोवती बसल्या. उल्का मराठीत बोलत होती, त्या त्यांच्या भाषेत, आणि दोन तास कोणाचं काही अडलं नाही.

मग त्या जेवल्या. दोऱ्यांसारख्या त्या लांब शेवया लसूण-टोमॅटोत घोळून, आणि गव्हले घेवड्याच्या कढणात. बिनलेबलाच्या सुरईतली काळपट लाल वाईन आसुंताने स्वतःच्या हाताने ओतली. उल्का आयुष्यात पहिल्यांदा प्यायली, दुसऱ्यांदाही प्यायली. मऊ भात खालच्या शेगडीवर शिजला. आसुंताने त्यावर मेतकूट घालून घेतलं, वरून ऑलिव्ह तेलाची धार सोडली, खाल्ला आणि परत घेतला.

उल्का वर आली तेव्हा तिचे गाल तापले होते. श्रीपतराव पोह्याचे पापड कच्चेच खात बसले होते. तिने त्यांना सगळं सांगितलं. कोणती बाई कशी हसली, कोण काय म्हणाली असावी, सगळं. बक्षीस घेऊन घरी आलेल्या शाळकरी पोरीने सांगावं तसं सांगितलं. फक्त चव सांगितली नाही, कारण ती सांगायला जमेना. श्रीपतराव पापड चावत "हं, हं" करत होते आणि तिला वाटलं, लक्षच नाहीये यांचं. कसलं काय! कान टवकारून ऐकत होते.

रत्नागिरीत आल्यावर पहिल्या पाहुण्यांसमोर ते म्हणाले, "आम्ही त्या म्हातारीच्या स्वयंपाकघरात शिरलो." उल्का जरा चमकली, पण संसारात एवढं चालायचंच म्हणून गप्प बसली. मग मालगुंडला वाचनालयात त्यांचं भाषण झालं. त्या भाषणात आसुंताच्या घरचा जिना ते एकटेच उतरून खाली गेले. उल्का तिसऱ्या रांगेत बसली होती. बाकी काही घेतलं असतं तर ती बोलली नसती. मळे घ्या, चर्च घ्या, न प्यायलेली वाईन हवी तेवढी घ्या. पण तिच्या सहलीतली तिची म्हणावी अशी ती एकच संध्याकाळ होती, आणि ती तिच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या नावावर चढत होती.

फेब्रुवारीत मोठा कार्यक्रम ठरला. गावातल्या एका क्लबाचा सेक्रेटरी, ऋत्विक नावाचा उत्साही बँक ऑफिसर, त्याने सभागृह घेतलं, चौकात फलक लावला. 'इटलीच्या खेड्यांत: चव आणि वाईन.' खाली ग्लास धरलेले श्रीपतराव. ग्लासात कोकम सरबत होतं, पण फोटोत छान दिसत होतं.

दोन दिवस आधी श्रीपतराव आरशासमोर हातवारे करून बघत होते. उल्का दारात येऊन उभी राहिली.

"एक मागू का?"

"माग की."

"आसुंताचं सांगू नका. बाकी काय हवं ते सांगा. ते माझं आहे हो."

श्रीपतराव हसले. वाईट नाही हसले, लहान मुलाने काहीतरी मागितल्यावर हसतात तसे. "अगं, त्यात तुझं-माझं काय? आणि लोकांना तेच तर आवडतं." मग तिचा चेहरा बघून म्हणाले, "बरं बरं. नाही सांगत. झालं?"

"शब्द?"

"शब्द."

सभागृह गच्च भरलं होतं. फुकट कार्यक्रम आणि नंतर चहा, म्हटल्यावर रत्नागिरीकर येणारच. उल्का पहिल्या रांगेत, शेजारी गोदूबाई. अध्यक्षांनी श्रीपतरावांची ओळख इतकी लांबवली की मधल्या एका वाक्यात ते वाईनचे उत्पादक झाले आणि पुढच्या वाक्यात इटलीला स्थायिकही झाले. श्रीपतराव गळ्यात मफलर गुंडाळून उभे राहिले. फेब्रुवारी असला तरी ती रत्नागिरी आहे. मफलरखालून घामाचे ओघळ येत होते, पण इटलीतले लोक घालतात म्हटल्यावर घालायलाच हवा. बोलले मात्र झकास. कच्ची सुपारी चघळल्यावर जीभ ओढली जाते ना, तेच वाईनमधलं टॅनिन, असं त्यांनी सांगितलं तेव्हा चार सुपारीवाले बागायतदार एकदम ताठ बसले. आपण इतकी वर्षं इटालियनच होतो, असं त्यांना वाटलं असावं.

पाच खेडी झाली. सहावं आलं.

"रोक्कामोरा," श्रीपतराव म्हणाले आणि थांबले. त्यांनी उल्काकडे पाहिलं. मग लोकांकडे पाहिलं. लोक पुढे सरकून बसले होते. दोनशे माणसं आपल्या तोंडाकडे बघतायत म्हटल्यावर श्रीपतरावांचा शब्द कुठल्या कुठे वाहून गेला. "खरं म्हणजे ही गोष्ट मी आज सांगणार नव्हतो..."

आणि त्यांनी सांगितली. अंधार, बॅटरी, जिना, मनगट, सगळी. "त्या माउलीने माझ्यापुढे पीठ ठेवलं आणि माझे हात आपोआप गव्हले वळायला लागले. लहानपणी मी आईशेजारी बसून शिकलो होतो!" ज्या माणसाने जन्मात कणकेला बोट लावलेलं नाही, त्याने भर सभेत बोटं फिरवून दाखवली. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. उल्काच्या डोळ्यांत पाणी आलं. तिची संध्याकाळ गेली ती गेलीच, आता तिची आईसुद्धा गेली होती.

मग प्रश्नोत्तरं. एका वकिलांनी विचारलं, तिकडे नारळ होतो का. एका बागायतदाराने विचारलं, तिकडच्या खेड्यांत हापूस पोचलाय का, आणि उत्तराची वाट न बघता त्यावर स्वतःच पाच मिनिटं बोलला. मग मागून एक बाई उठली. वैदेही तिचं नाव, एसटी स्टँडजवळ खानावळ चालवते. हातात वही होती.

"काका, मला करून बघायचंय म्हणून विचारते. त्या पिठात पाणी गरम घातलं होतं का गार? मळायचं किती घट्ट? आणि लागलं कसं चवीला?"

"चव म्हणजे..." श्रीपतरावांनी समोरचा ग्लास फिरवला. "तिथला तेरुआरच असा आहे, की..."

"ते कळलं हो. पण जिभेला काय लागलं? वाफवल्या शेवयांसारखं? की आपल्या फळांसारखं, आमटीत सोडतो त्या?"

लोक हसले. श्रीपतराव ग्लास फिरवत राहिले. मग त्यांना सुचलं. "आमच्या सौभाग्यवती इथेच बसल्या आहेत. असले बारकावे बायकांच्याच लक्षात राहतात. उल्का, सांग गं जरा, कसं लागत होतं?"

ऋत्विकने लगबगीने माईक आणून तिच्या हातात दिला. उल्का उभी राहिली. आणि गंमत बघा, पाच महिने जी सांगता येत नव्हती ती चव नेमकी तेव्हा तिच्या जिभेवर आली. गोडसर झालेला लसूण, दाताला किंचित अडणारं पीठ, घशाला ओरखडा काढत उतरणारी ती वाईन. सगळं सांगता आलं असतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो मान हलवून हलवून तिला सांग सांग म्हणत होता.

"मला कसं ठाऊक असणार?" उल्का म्हणाली. "मी कुठे होते तिथे? मी वरच्या खोलीत होते. ह्यांच्यासाठी मऊ भात लावत होते."

लगेच गोदूबाईंचा आवाज आला, त्यांना हळू बोलता येत नाही. "म्हणजे हा मेला इटलीत जाऊन मऊ भात जेवत होता?"

"अकरा दिवस," उल्का माईकवर म्हणाली आणि खाली बसली.

हसू आधी मागच्या रांगेतून आलं आणि मग कोणालाच आवरेना. अध्यक्ष रुमालात तोंड घालून गदगदत होते. श्रीपतरावांनी तोंड उघडलं. ती खोटं बोलतेय, ती खाली होती, तिनेच गव्हले वळले, हे सगळं त्यांच्या ओठांपर्यंत आलेलं उल्काला स्पष्ट दिसलं. ते ओठांपर्यंतच राहिलं. त्यांनी तोंड मिटलं आणि मफलर काढून कपाळ पुसलं.

बाहेर व्हरांड्यात वैदेही तिच्याजवळ आली. "काकू, खरंच तुम्ही नव्हता तिथे?"

"रविवारी सकाळी घरी ये," उल्का म्हणाली. "पीठ मी देईन. पाणी कोमट लागतं."

वैदेहीने तिच्याकडे पाहिलं आणि वही मिटली.

श्रीपतराव गाडीत येऊन बसले. दार लावून घेतलं, काच वर केली आणि मग फुटले. "उल्का, चारचौघांत खोटं बोललीस तू! धडधडीत खोटं! तू होतीस खाली. तिथे तूच होतीस!"

"हो ना?" उल्का म्हणाली. "मंडळी अजून चहा घेतायत. जा आत आणि सांगा त्यांना."

श्रीपतरावांचा हात दारापर्यंत गेला. आतून हसण्याचा आवाज येत होता. त्यांनी हात मागे घेतला आणि गाडी सुरू केली.